नोटेवर फोटो कोणाचा हवा? हा वाद नीट घालायचा तर असा घाला

नाशिकरोडला राहतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, तुमच्याकडेच छापतात ना नोटा, मग सांगा की त्यांना, गांधीजी झाले आता खूप वर्षं, आपल्या अमक्यांचा फोटो टाका. जसं काही जेलरोडवरून जाताना प्रेसच्या गेटवर चिठ्ठी दिली की दुसऱ्या दिवशी प्लेट बदलते. प्रेसमधून रिटायर झालेल्या काकांना हा प्रश्न विचारून बघा, ते हात जोडतात आणि विषय कांद्याच्या भावावर नेतात.

पण विषय भारी आहे यात वाद नाही. सोसायटीच्या गच्चीवर, गणपती मंडळात, कॉलेजच्या डिबेटमध्ये, फॅमिली ग्रुपवर कुठेही निघतो आणि नीट चालवला नाही तर दहा मिनिटांत दोन जण ग्रुप सोडून जातात. आमच्या कट्ट्यावर आम्ही तो मुद्दाम ठरवून घालतो, चहा भजी ठेवून, आणि त्यातून जी एक पद्धत बसलीये ती इथे लिहितोय. कोणाला शाळेत, मंडळात, कुठे वापरायची असेल तर खुशाल वापरा.

आधी हे क्लिअर करा की ठरवतं कोण

पहिली पाच मिनिटं यावरच घालवा, नाहीतर पुढचा तासभर लोक चुकीच्या माणसाला शिव्या देतात. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चा, त्याचं कलम २५ सांगतं की नोटेचं डिझाइन, स्वरूप, कागद बिगद हे सगळं केंद्र सरकार मंजूर करणार, आणि ते करताना रिझर्व्ह बँकेच्या सेंट्रल बोर्डाची शिफारस विचारात घेणार. बस. संसदेत कायदा करायला नको, राज्य सरकारचा संबंध नाही, आणि नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचा तर अजिबातच नाही, प्रेस फक्त छापते. तसं देशात चार ठिकाणी छपाई होते, नाशिक आणि देवास सरकारी महामंडळाच्या, म्हैसूर आणि सालबोनी रिझर्व्ह बँकेच्या कंपनीच्या. एक रुपयाची नोट आणखी वेगळी, ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थ सचिवांची सही असते. हे एकदा सांगितलं की अर्धे लोक खिशात एकची नोट शोधायला लागतात, सापडत नाही ती गोष्ट वेगळी.

याच पाच मिनिटांत दुसरा एक गैरसमज काढून टाका. "गांधीजी पहिल्यापासून आहेत, त्यांना कसं हलवणार" किंवा उलट "पहिल्यापासून एकाच माणसाला बसवून ठेवलंय", दोन्ही बाजू हे बोलतात आणि दोघांचंही चुकतं. १९३८ च्या पहिल्या रिझर्व्ह बँक नोटांवर सहावा जॉर्ज होता. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजी घ्यायचे असं आधी वाटत होतं, डिझाइनपण तयार झाली होती, पण शेवटी एकमत सारनाथच्या सिंहांवर झालं आणि १९४९ ला एक रुपयाच्या नोटेवर ते आले. गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले १९६९ ला, जन्मशताब्दी म्हणून, मागे सेवाग्राम आश्रम. मग १९८७ ची ५०० ची नोट, आणि सगळ्या नोटांवर तेच ही पद्धत सुरू झाली १९९६ च्या महात्मा गांधी सिरीजपासून. म्हणजे ज्यांचं वय साठच्या पुढे आहे त्यांनी अर्धं आयुष्य सिंहाच्या नोटा वापरल्यात, त्यांनाच विचारा, तेव्हा देश काही बंद पडला नव्हता.

नाव शेवटी, निकष आधी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी विसरलात तरी चालेल. पहिल्या अर्ध्या तासात कोणी एकही नाव घ्यायचं नाही. नाव आलं की वाद संपला समजा, कारण मग लोक नियम असा बनवतात की आपला माणूस बसेल आणि समोरच्याचा बाहेर जाईल. आधी फळ्यावर नियम लिहा, त्यावर हात वर करून मत घ्या, आणि नंतर नावं त्या नियमांतून जाऊ द्या.

कॅनडाने २०१६ मध्ये हेच केलं. लोकांकडून नावं मागवली पण अटी आधी जाहीर केल्या, कॅनडाची स्त्री हवी, मृत्यू होऊन निदान २५ वर्षं झालेली हवीत, काल्पनिक पात्र चालणार नाही. २६ हजारांवर सूचना आल्या, अटीत बसणारी नावं निघाली ४६१, आणि त्यातून व्हायोला डेझमंड निवडल्या गेल्या. १९४६ ला थिएटरमध्ये गोऱ्यांसाठीच्या जागेवरून उठायला नकार दिला म्हणून ज्यांना अटक झाली होती त्या. २०१८ मध्ये १० डॉलरची नोट आली, तीही उभी. इंग्लंडने ५० पौंडासाठी फक्त शास्त्रज्ञ असं आधी ठरवलं, सव्वादोन लाखांवर सूचना, त्यातून ९८९ शास्त्रज्ञ पात्र, आपले जगदीशचंद्र बोसही त्या यादीत होते, शेवटी ॲलन ट्युरिंग आले २०२१ ला.

आता तो २५ वर्षांचा नियम आपल्याकडे लावून बघा, मजा येते. अब्दुल कलाम २०१५ ला गेले म्हणजे २०४० पर्यंत बाहेर. लता मंगेशकर बाहेर. कुसुमाग्रज १९९९ ला गेले म्हणजे आत्ता आत्ता पात्र झाले, हे ऐकल्यावर नाशिककर टाळ्या वाजवतातच. कलामांना बाहेर ठेवणारा नियम कशाला असं पोरं विचारतात, बरोबर आहे, विचारू दे, पण नियम बदलायचा असेल तर सगळ्यांसाठी बदला. जिवंत माणूस नको यावर मात्र सहसा एकमत होतं, आणि नाही झालं तर अमेरिकेचा किस्सा सांगा. तिथे स्पेन्सर क्लार्क नावाचा नोटा छापणाऱ्या खात्याचा साहेब होता, त्याने ५ सेंटच्या कागदी नोटेवर चक्क स्वतःचा फोटो छापून घेतला, खासदार एवढे भडकले की १८६६ ला जिवंत माणसाचा फोटो नोटेवर घ्यायलाच बंदी आली. आपल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघता हा नियम आपल्याला जास्त गरजेचा आहे असं माझं मत.

बाकी निकष कोणते ते तुम्ही ठरवा. देशभर ओळख हवी का, की नोटेमुळेच ओळख व्हावी? एकाच क्षेत्रातला हवा का? स्त्री पुरुष कसं बघायचं? ऑस्ट्रेलियाने ते सोपं केलंय, ५ डॉलरची सोडली तर नोटेच्या एका बाजूला पुरुष दुसऱ्या बाजूला स्त्री. आपल्याकडे मागच्या बाजूला आत्ता वास्तू आहेत, २० च्या नोटेवर आपलं वेरूळ आहे हे कितीतरी जणांनी नोट उलटी करून बघितलेलंच नसतं, तेव्हा बघायला लावा.

बसवायचं तर उठवायचं कोणाला

नावं घ्यायची वेळ आली की एकच अट, जो नाव सुचवेल त्याने जागाही सांगायची. कोणती नोट, कोणती बाजू, आणि तिथे आत्ता जे आहे ते का काढायचं. ह्याने निम्मा आवेश उतरतो. इंग्लंडमध्ये २०१३ ला ५ पौंडावर चर्चिल येणार म्हणून जाहीर झालं, तर त्याच्यामुळे एलिझाबेथ फ्राय जाणार होत्या आणि राणी सोडली तर नोटांवर एकही बाई उरत नव्हती, त्यावरून कॅरोलाइन क्रियाडो पेरेझ यांनी मोहीम चालवली आणि १० पौंडावर जेन ऑस्टिन आली. बाईंना त्यापायी ट्विटरवर इतक्या घाणेरड्या धमक्या आल्या की दोघांना जेल झाली. अमेरिकेत २० डॉलरवरून जुना राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला हटवून गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन यांना आणायचं २०१६ ला जाहीर झालं, नोट अजून आलेली नाही, आणि गंमत म्हणजे हा जॅक्सन स्वतः कागदी पैशाच्या आणि मध्यवर्ती बँकेच्या विरोधात होता, त्याने १८३२ ला बँकेचं विधेयकच अडवलं होतं.

आणि हे काही आजचं नाही, आणि परदेशातलंही नाही. नाशिकपासून जवळच जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांच्या वर नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची, त्याचा चेहरा असलेली. त्यातल्या ९ हजारांच्या वर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर स्वतःचा ठसा मारलाय, नाणी वितळवली नाहीत, नवीन पाडली नाहीत, त्याच नाण्यावर दाणकन आपला शिक्का. नहपानाचं नाक खाली अर्धं दिसतंय आणि वरून सातवाहनांचं चिन्ह. पांडवलेणीला दोन्ही घराण्यांचे शिलालेख एकाच डोंगरात आहेत. मुलांना घेऊन डिबेट करणार असाल तर आधी पांडवलेणी आणि अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम दाखवून आणा, अर्धं काम तिथेच होतं.

नोट कुठे कुठे जाते हे विचारा

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात जास्त कामाचा आहे आणि परदेशी चर्चेत तो फारसा नसतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केजरीवालांनी नोटेवर लक्ष्मी गणपती हवेत अशी मागणी केली, इंडोनेशियाच्या २० हजार रुपियाच्या नोटेवर गणपती होता हा दाखला देऊन. होता हे खरंच आहे. आमच्याकडे महाराजांचं नाव तर प्रत्येक वेळी पहिलं येतं, आणि यावं, त्यात वाईट काही नाही. पण मग शांतपणे विचारायचं की नोटेचं दिवसभरात काय काय होतं. थुंकी लावून मोजतात. मासळीच्या ओल्या हाताने घेतात. चोळामोळा करून बसच्या कंडक्टरला देतात, फाटली की सेलोटेप. वरातीत उधळतात आणि मग त्यावरून घोडा, बँडवाले आणि मामालोक सगळे चालत जातात. टेबलाखालून जाते ती वेगळीच. रिझर्व्ह बँकेने नोटांचे हार करू नका, उधळू नका म्हणून विनंती केलेली आहे, किती जण ऐकतात ते आपण बघतोच. आता तुमच्या मनातला चेहरा या सगळ्या प्रवासात ठेवून बघा आणि मग सांगा हवा का. काही जण म्हणतात हो, हवा, उलट त्यामुळे लोक नोट जपतील. काही जण गप्प होतात. माझं स्वतःचं मत असं की ज्याची आपण पूजा करतो तो नोटेवर नको, ज्याच्याबद्दल आपण विचार करतो तो चालेल. पटलं नाही तर सोडून द्या.

मानच द्यायचा असेल तर नाणी आणि तिकिटं आहेत की. १९९९ ला शिवाजी महाराजांचं २ रुपयाचं नाणं आलं होतं, २०१५ ला बाबासाहेबांचं १० रुपयाचं, टिळकांचं आहे. सावित्रीबाईंचं, जोतिरावांचं पोस्टाचं तिकीट निघालं, आणि पोस्टाची तिकिटंही आपल्या नाशिकरोडलाच छापतात. त्यामुळे "नोटेवर नाही म्हणजे अपमान" हा मुद्दा कोणी आणला तर तिथेच थांबवा.

चेहऱ्याला कामही असतं

हे प्रेसवाल्या काकांकडून ऐकण्यासारखं आहे. नोटेवरचा चेहरा शोभेला नसतो. माणसाच्या डोळ्याला चेहऱ्यातला बारीक फरक पटकन कळतो, झाडातला किंवा इमारतीतला कळत नाही, म्हणून खोटी नोट ओळखायला चेहरा बरा. गांधीजींचं चित्र उठावाच्या छपाईत असतं, बोट फिरवलं की लागतं, ज्यांना कमी दिसतं त्यांना त्याचा उपयोग होतो. परत वॉटरमार्कमध्येही तोच चेहरा. तेव्हा उमेदवाराचं चांगलं, खात्रीचं चित्र किंवा फोटो आहे का हा निकष ठेवाच. गांधीजींचं नोटेवरचं चित्र १९४६ च्या फोटोवरून घेतलंय, खरा फोटो. ज्ञानेश्वरांचं कोणतं घेणार? तात्या टोपे आपल्या येवल्याचे, त्यांचं कोणतं? इथे वाद एकदम वेगळ्या वळणावर जातो, कॅलेंडरमधलं चित्र म्हणजे खरं चित्र नाही हे काहींना पहिल्यांदाच कळतं.

खर्चाचंही बोला पण लवकर आवरा. २०२३-२४ मध्ये नुसत्या नोटा छापायला ५,१०० कोटींच्या आसपास गेले. आकार बदलला तर एटीएमचे कप्पे बदलावे लागतात, ते २०१६ ला आपण लाइनीत उभं राहून शिकलो.

आडनाव ऐकू आलं की

खरी अडचण इथे आहे आणि ती टाळून कोणी डिबेट घेतली तर ती खोटी होते. आपल्याकडे नाव घेतलं की लोकांना आधी जात ऐकू येते, मग पक्ष, आणि मग उरलं तर काम. नाशिकमध्ये तर जास्तच. एकीकडे बाबासाहेबांचा काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह, दुसरीकडे सावरकरांचं भगूर हाकेच्या अंतरावर, दोन्हीकडची माणसं त्याच कट्ट्यावर चहा पितात. आम्ही दोन गोष्टी करतो. एक, "आमचे" आणि "तुमचे" हे शब्द बंद, बोलला की भज्यांचे पैसे त्याचे. दुसरी, पहिल्या फेरीत ज्याने जे नाव सुचवलं त्याने दुसऱ्या फेरीत त्याच नावाच्या विरुद्ध बोलायचं, आणि ज्याला ते नाव अजिबात नकोय त्याने बाजूने. आमच्या एका मामांना सावरकरांच्या विरुद्ध पाच मिनिटं बोलायचं होतं आणि समोर बसलेल्या कॉम्रेडना बाजूने, दोघांनाही घाम फुटला पण दोघं घरून वाचून आले होते हे दिसत होतं.

बाजू मांडताना जेवढं खरं आहे तेवढंच बोला, त्यातच जास्त वजन असतं. उदाहरण बाबासाहेबांचं घ्या. नोटेसाठी त्यांच्याइतका नेमका मुद्दा दुसऱ्या कोणाकडे नाही, कारण पैसा हाच त्यांचा अभ्यासाचा विषय होता. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ ला त्यांचा ग्रंथ आला, भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, त्या आयोगाने १९२६ ला मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढंच सांगा, समोरचा उत्तर शोधत बसतो. "बँक त्यांनी एकट्यानेच काढली" म्हणालात की तो तिथेच पकडतो आणि तुमचा बाकीचा चांगला मुद्दाही वाया जातो. सावित्रीबाईंचं बोलताना १८४८ ची शाळा आणि १८९७ ला प्लेगच्या साथीतलं काम बोला, विशेषणं नकोत. फाळके त्र्यंबकचे आहेत म्हणून नको, त्यांनी या देशात सिनेमाचा धंदा शून्यातून उभा केला म्हणून बोला.

वाक्य छापायचं असेल तर तेही तपासा बरं का. जेन ऑस्टिनच्या नोटेवर वाचनात किती आनंद आहे असं वाक्य आहे, छान वाटतं, पण तिच्या कादंबरीत ते बोलणाऱ्या बाईला वाचनाचा कंटाळा असतो आणि ती नुसतं समोरच्यावर इम्प्रेशन मारत असते.

"कोणीच नको" हाही पर्याय फळ्यावर हवा

हा पर्याय नसेल तर डिबेट अपुरी. युरोच्या नोटांवर आत्ता कोणी खरा माणूस नाही, दरवाजे खिडक्या पूल आहेत, आणि तेही कुठल्याच देशाचे वाटू नयेत म्हणून काल्पनिक पूल, मग नेदरलँड्समधल्या एका गावाने ते पूल खरेच बांधून टाकले. नॉर्वेने समुद्र घेतला. नेपाळने राजा काढून एव्हरेस्ट घेतला. बांगलादेशात २०२५ च्या नव्या नोटांवरून मुजीब गेले, हे उदाहरण "चेहरा म्हणजे सत्तेची भानगड" म्हणणाऱ्यांच्या उपयोगाचं. उलट बाजूला दक्षिण आफ्रिका आहे, २०१२ पासून सगळ्या नोटांवर मंडेला. आपल्याही जुन्या नोटा आठवा, २ च्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह, १ वर समुद्रातून तेल काढणारं सागर सम्राट, ५ वर ट्रॅक्टरवाला शेतकरी, १० वर मोर. आमच्याकडे म्हाताऱ्यांची मतं बऱ्याचदा ट्रॅक्टरलाच पडतात.

फॉरवर्डवाल्याला काय सांगायचं

मध्येच कोणीतरी मोबाइल पुढे करतो, "हे बघा, नवीन नोट आली". २००० च्या नोटेत चिप आहे म्हणणारा हाच. जून २०२२ मध्ये टागोर आणि कलाम नोटेवर येणार अशा बातम्या आल्या तेव्हा ६ जूनला रिझर्व्ह बँकेने असा काही प्रस्ताव नाही म्हणून पत्रक काढलं. त्याआधी २०१४ ला सरकारने लोकसभेत सांगितलं होतं की या विषयावर नेमलेल्या समितीच्या मते गांधीजींइतकं देशाचं प्रतिनिधित्व करणारं दुसरं व्यक्तिमत्त्व नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर नसेल तर ती नोट नाही, विषय बंद, भजी घ्या.

शेवटी मत घ्या ते चिठ्ठीवर, हात वर करून नाही, नाहीतर घरचे घरच्यांकडे बघून हात वर करतात. चिठ्ठीवर नाव, नोट, बाजू आणि एका ओळीत कारण. कारण नसलेली चिठ्ठी बाद. निकाल पाठवायचाच असेल तर अर्थ मंत्रालयाला आणि रिझर्व्ह बँकेला पाठवा, प्रेसला नको.

आणि पोरांकडून उमेदवाराच्या नोटेचं चित्र काढून घेणार असाल तर खऱ्या नोटेच्या साइजचं, रंगाचं करू देऊ नका, झेरॉक्स तर मुळीच नको. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १८२, दंड किरकोळ असतो पण मंडळाच्या पोरांना चौकीत कोण बसवणार. कार्डशीटवर मोठं काढा, एकाच बाजूला, आणि वर ठळक "नमुना" लिहा.